वैशाखातील वळीव : बंगळूरच्या एका महिन्याचे हवामान

बंगळूर हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले आहे. या उंचीमुळे तेथील हवा वर्षातील बहुतेक काळ सौम्य असते. परंतु फाल्गुन सरून चैत्र-वैशाख लागले म्हणजे हीच हवा आपला स्वभाव बदलते. सकाळी आकाश निरभ्र असते. दुपारी ऊन तापते. तीन-चारच्या सुमारास क्षितिजावर पांढऱ्या ढगांचे डोंगर उभे राहू लागतात आणि दिवेलागणीच्या सुमारास धूळ, वारा, विजा व टपोऱ्या थेंबांचा पाऊस शहरावर कोसळतो. तासा-दोन तासांत सारे शांत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच क्रम घडेल, किंवा आठ दिवस थेंबही पडणार नाही. अशा लहरी पावसाला मराठीत वळीव म्हणतात.

वळीव म्हणजे मोसमी पाऊस नव्हे. नैर्ऋत्य मोसमी वारे केरळच्या किनाऱ्यावर सर्वसाधारणपणे १ जूनला येतात व त्यानंतर काही दिवसांनी बंगळूर गाठतात. तत्पूर्वी एप्रिल व मे महिन्यांत पडणारा पाऊस बहुतांशी स्थानिक उष्णतेतून जन्मलेला असतो. त्याचे प्रमाण मात्र थोडेथोडके नाही. मे महिन्यात बंगळूरला सरासरीने १२८.७ मिलिमीटर पाऊस पडतो. या पावसावाचून आंब्याचे फळ व कॉफीचे फूल यांचे चालत नाही. आणि याच पावसाने शहरात माणसे दगावतात. एकच पाऊस एके ठिकाणी उपकारक व दुसरे ठिकाणी घातक का व्हावा, हे समजण्यासाठी तो किती पडला एवढेच जाणून भागत नाही. तो किती वेळात पडला आणि कशावर पडला, हेही पाहावे लागते.

तीन वर्षांची नोंद

या काळातील हवा किती अस्थिर असते, हे लागोपाठच्या तीन वर्षांच्या आकड्यांवरून दिसून येईल. २०२३ च्या मे महिन्यात बंगळूर शहरात ३०५.४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्यापूर्वीचा मे महिन्यातील उच्चांक २८७.१ मिलिमीटरचा असून तो १९५७ सालचा होता; म्हणजे सहासष्ट वर्षे तो कोणी ओलांडला नव्हता.

पुढच्याच वर्षी चित्र पालटले. २०२४ चा एप्रिल महिना शहराच्या पर्जन्यमापकात मोजण्याजोगा पाऊस न पडताच संपला. २८ एप्रिल रोजी तापमान ३८.५ अंश सेल्सिअसपर्यंत चढले. शहराच्या नोंदीतील सर्वोच्च तापमान, एप्रिल २०१६ मधील ३९.२ अंशांचे, यापासून फार दूर नव्हते. त्या उन्हाळ्यात असंख्य विंधनविहिरी कोरड्या पडल्या व पाण्याच्या टँकरपुढे रांगा लागल्या.

२०२५ मध्ये पुन्हा उलट घडले. महिना पुरता संपण्यापूर्वीच मे मधील पाऊस ३०७.९ मिलिमीटर झाला आणि दोन वर्षांपूर्वीचा उच्चांकही मागे पडला. त्या वर्षी वैशाख महिना व मे महिना जवळजवळ जोडीनेच चालले होते, तेव्हा हा सर्व पाऊस वैशाखाचाच म्हणावयास हरकत नाही. मोसमी वारे त्या साली २४ मे रोजी, म्हणजे आठवडाभर आधीच, केरळात आले व २६ मे रोजी बंगळूरला पोहोचले. त्यामुळे महिन्याचे शेवटचे दिवस वगळता बाकीचा पाऊस मोसमापूर्वीचाच होता.

या शेवटच्या आकड्यात एक गोष्ट दडलेली आहे. ३०७.९ पैकी १०५.५ मिलिमीटर पाऊस १८ व १९ मे यांच्या दरम्यानच्या एका चोवीस तासांच्या अवधीत पडला. महिन्याच्या पावसाचा एक-तृतीयांश भाग एकट्या एका दिवसाचा होता. महिन्याची बेरीज वाचणाऱ्यास तो दिवस दिसत नाही. आणि त्या दिवसाची बेरीज वाचणाऱ्यास त्यातील जोराचे एक-दोन तास दिसत नाहीत. पुढे जे उपकार व अपकार सांगावयाचे आहेत, ते या न दिसणाऱ्या तासांशी निगडित आहेत.

वळीव कसा तयार होतो

बंगळूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १३ अंशांवर आहे. उत्तरेकडे सरकणारा सूर्य दर वर्षी २४ एप्रिलच्या सुमारास तेथे भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. या दिवसांत जमीन अतिशय तापते व तिला टेकलेली हवाही तापते. तापलेली हवा प्रसरण पावून हलकी होते आणि वर चढू लागते. चुलीवर ठेवलेल्या पातेल्यात तळाचे पाणी तापून वर येते व वरचे खाली जाते, तसाच हा प्रकार होय. यास अभिसरण म्हणतात.

वर चढणारी हवा दर किलोमीटरमागे सुमारे १० अंशांनी थंड होत जाते. तिच्यात बाष्प नसेल, तर ती लवकरच भोवतालच्या हवेइतकी थंड होते व तिची चढण थांबते. कोरड्या उन्हाळी दिवसांत हेच घडते. परंतु तिच्यात पुरेसे बाष्प असेल, तर एका विशिष्ट उंचीवर त्याचे सूक्ष्म जलबिंदू बनू लागतात आणि ढग दिसू लागतो. येथे वळिवाचे खरे रहस्य आहे. एक ग्रॅम पाणी गोठणबिंदूपासून उत्कलनबिंदूपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी उष्णता लागते. परंतु नेहमीच्या तापमानास त्याच एका ग्रॅमची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी खर्ची पडतात. ही उष्णता नाहीशी होत नाही, बाष्पात ती सुप्त रूपाने राहते. बाष्पाचे पुन्हा पाणी होताना ती मोकळी होते व हवेस मिळते. त्यामुळे ढगातील हवा थंड होण्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. ती भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहते आणि अधिकच जोराने वर जाते. ढग स्वतःच्याच उष्णतेवर वाढू लागतो.

अशा रीतीने दुपारचा लहानसा राशिमेघ सायंकाळपर्यंत प्रचंड गर्जन्मेघ बनतो. त्याचा माथा १२ ते १५ किलोमीटर उंचीवर जाऊ शकतो. एव्हरेस्ट शिखराची उंची ८,८४९ मीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या मेघाच्या आकाराची कल्पना येईल.

यासाठी लागणारे बाष्प पठारावर कोठून येते? उन्हाळ्यात द्वीपकल्पाच्या अंतर्भागात दोन निरनिराळ्या दिशांचे वारे एकमेकांस भेटतात. बंगालच्या उपसागरावरून येणारे वारे बाष्प आणतात. पश्चिमेकडील वारे कधी अरबी समुद्रावरून, तर कधी कोरड्या भूप्रदेशावरून येतात. त्यांच्या भेटीची रेषा बहुधा विदर्भ-मराठवाड्यापासून अंतर्गत कर्नाटकावरून दक्षिणेस तमिळनाडूकडे जाते. हवामानवृत्तात या दिवसांत ज्या कमी दाबाच्या पट्ट्याचा उल्लेख वारंवार येतो, तो हाच होय. ही रेषा कधी पूर्वेस, कधी पश्चिमेस सरकते, कधी विरून जाते. म्हणूनच वळीव एका दिवशी शहराच्या एका भागात कोसळतो आणि दुसऱ्या भागातील रस्ते कोरडेच राहतात. लातूरच्या शेतकऱ्याची गारपीट आणि बंगळूरच्या रस्त्यावरील पूर ही पुष्कळदा एकाच रेषेची लेकरे असतात.

वारा आणि वीज

या ऋतूत सुमारे पाच किलोमीटर उंचीवर हवेचे तापमान शून्य अंशाखाली जाते. गर्जन्मेघाच्या त्यावरील भागात हिमकण, मऊ गारा व अतिशीत जलबिंदू एकत्र नांदत असतात. वर जाणारे हिमकण व खाली येणाऱ्या गारा यांच्या आघातांमुळे विद्युत्भार वेगळे होतात. सर्वसाधारणपणे ढगाच्या माथ्याकडे धन व तळाकडे ऋण भार साठतो. हा साठा हवेस पेलवेनासा झाला म्हणजे वीज चमकते. तिच्या मार्गातील हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते, स्फोटाप्रमाणे प्रसरण पावते व गडगडाट होतो. प्रकाश तत्काळ दिसतो, पण आवाजास एक किलोमीटर येण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. चमक व गडगडाट यांमधील सेकंद मोजून त्यांस तीनने भागल्यास विजेचे अंतर किलोमीटरांत कळते. हे अंतर दहा किलोमीटरांहून कमी असेल, तर उघड्यावर थांबणे धोक्याचे आहे. झाडाखाली उभे राहणे तर त्याहून अधिक धोक्याचे. भारतात दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने मरण पावतात. त्यांतील पुष्कळजण शेतात काम करणारे असतात.

पावसाचे थेंब व गारा खाली येताना आपल्याबरोबर हवा ओढून आणतात. त्या हवेत काही थेंबांचे बाष्प होते व त्यामुळे ती आणखी थंड व जड होते. हा थंड लोट जमिनीवर आदळून चोहोकडे पसरतो. पावसाच्या आधी येणारी गार झुळूक व धुळीचा लोट तो हाच. त्याचा जोर वाढला की चंडवात होतो. बंगळूरच्या रस्त्यांवर गुलमोहर व पर्जन्यवृक्ष यांची मोठी झाडे आहेत. मे महिन्यात गुलमोहर फुलांनी लाल झालेला असतो. परंतु त्याचे लाकूड ठिसूळ असते. पदपथ बांधताना, गटारे व तारांचे चर खणताना झाडांची मुळे तुटलेली असतात व बुंध्याभोवती सिमेंट आवळलेले असते. अशा झाडास भिजलेल्या पालवीचा भार आणि अचानक आलेला वारा, दोन्ही मिळून सोसत नाहीत. वळिवाच्या प्रत्येक मोठ्या संध्याकाळी शहरात झाडे कोसळतात. त्याचा दोष केवळ वाऱ्याकडे देता येणार नाही.

शेत आणि मळे

शहराबाहेर याच पावसाची वाट पाहिली जाते. सूर्य एप्रिलअखेर भरणी नक्षत्रात प्रवेश करतो, आणि भरणीचा पाऊस कन्नड शेतकरी शुभ मानतो. महाराष्ट्रातील शेतकऱ्याची दृष्टी जूनमधील मृगाकडे लागलेली असते. जुन्या म्हैसूर भागातील शेतकरी त्याच्या महिनाभर आधीच आभाळाकडे पाहू लागतो. या ओलीवर तो जमीन नांगरतो, तीळ, मूग, चवळी यांसारखी पिके पेरतो आणि पुढे नाचणीसाठी रान तयार करतो.

कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर व बंगळूरजवळील रामनगर हे आंब्याचे प्रदेश आहेत. मार्च-एप्रिलमधील हलक्या सरींनी झाडावरील लहान फळांची गळ कमी होते व फळ पोसते. म्हणूनच या सरींस आम्रसरी असे नाव मिळाले. परंतु फळ पक्व होत असताना आलेला चंडवात ते झोडपून खाली पाडतो. गारांचे ओरखडे उठतात, आणि सततच्या ओलाव्याने करपा व फळमाशी यांचे फावते. मार्चमधील १० मिलिमीटर आणि मे अखेरचे १० मिलिमीटर हे पर्जन्यमापकास सारखेच. बागवानास मात्र नव्हेत.

कॉफीचे उदाहरण याहूनही बोलके आहे. चिकमगळूर, हासन व कोडगू येथील मळ्यांत कॉफीच्या कळ्या उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत निद्रिस्त असतात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान एक चांगला पाऊस झाला म्हणजे त्या जाग्या होतात आणि आठ-दहा दिवसांत संपूर्ण मळा पांढऱ्या फुलांनी भरून जातो. त्यानंतर काही आठवड्यांनी दुसरा पाऊस यावा लागतो, तरच फळ धरते. पहिला पाऊस येऊन दुसरा न आल्यास फुलोरा वाया जातो. पहिलाच अपुरा पडल्यास कळ्या अर्धवट उमलून करपतात. ज्यांच्याजवळ पाणी आहे ते मळेवाले तुषारसिंचनाने हा पहिला पाऊस स्वतःच पाडतात. ज्यांच्याजवळ नाही त्यांचे वर्षाचे उत्पन्न या दोन सरींवर अवलंबून असते.

तेच पाणी शहरात

आता शहरातील गोष्ट पाहू. बंगळूरला मोठी नदी नाही. शहर एका उंच कण्यावर वसले असून त्याच्या एका बाजूचे पाणी वृषभावती व अर्कावती यांच्याद्वारे कावेरीस मिळते, तर दुसऱ्या बाजूचे दक्षिण पिनाकिनी नदीकडे जाते. म्हणून पूर्वीच्या लोकांनी उतारावर एकाखाली एक असे तलाव बांधले. वरचा तलाव भरला की जादा पाणी कालव्याने खालच्या तलावात उतरत असे. या कालव्यांना कन्नडमध्ये राजकालुवे म्हणतात. वळिवाचे धावते पाणी अडवून त्यास सावकाश चालावयास लावणे, हे या रचनेचे कार्य होते.

शहर वाढले तसे अनेक तलाव बुजले. धर्माम्बुधी तलावाच्या जागी आज मुख्य बसस्थानक आहे, संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडांगण आहे. कित्येक कालवे अरुंद झाले किंवा इमारतींखाली गेले. मातीच्या जागी डांबर व सिमेंट आले. पाण्याची वाट मात्र उतारच ठरवितो. त्यास नकाशातील बदल ठाऊक नसतो.

याचा परिणाम साध्या गणिताने समजेल. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर १ लिटर पाणी पडले. त्या हिशेबाने एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० कोटी लिटर पाणी होय. हा पाऊस दहा तासांत पडला, तर दर सेकंदास सुमारे २,८०० लिटर पाणी येईल. तोच एका तासात पडला, तर दर सेकंदास सुमारे २८,००० लिटर येईल. दोन्ही दिवशी बेरीज १०० च. परंतु पहिले पाणी गटारात मावेल, दुसरे रस्त्यावर येईल. जमीन उघडी असेल तर त्यातील बराच भाग मुरेल. सिमेंटवरून तो जवळजवळ सगळाच वाहून जाईल.

२१ मे २०२३ रोजी दुपारी अशाच जोरदार सरीने कृष्णराज चौकातील भुयारी मार्ग थोड्याच वेळात पाण्याने भरला. त्यात अडकलेल्या मोटारीतील एक बावीस वर्षांची तरुणी मरण पावली. मे २०२५ मधील त्या पावसानंतर एका इमारतीच्या तळघरातील पाणी उपसताना विजेचा धक्का बसून दोघांचा मृत्यू झाला, त्यांतील एक बारा वर्षांचा मुलगा होता. भुयारी मार्ग हा परिसरातील सर्वांत सखल भाग असतो व तेथे पाणी सर्वांत आधी आणि सर्वांत वेगाने चढते. म्हणून पाणी किती खोल आहे हे दिसत नसता त्यात वाहन घालू नये. आणि साचलेल्या पाण्यात उभे राहून विजेच्या पंपास वा तारेस कधीही हात लावू नये. आधी मुख्य वीजप्रवाह बंद करणे अवश्य आहे.

आणखी एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. या शहरास पिण्याचे पाणी सुमारे १०० किलोमीटरांवरील कावेरीतून, अनेक शे मीटर उंच चढवून आणावे लागते. आणि १०० चौरस मीटरांच्या एका छतावर मे २०२५ मध्ये सुमारे ३०,८०० लिटर पाणी आकाशातून विनामूल्य आले. २००९ पासून बंगळुरात ठरावीक आकाराच्या भूखंडांवरील घरांना छताचे पाणी साठविणे किंवा मुरविणे कायद्याने बंधनकारक आहे. जे छत आपले पाणी राखते, ते उन्हाळ्यातील टंचाई थोडी कमी करते व पावसातील पूरही थोडा कमी करते.

तापलेली हवा दर अंशामागे सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. पृथ्वीची हवा तापत असल्याने थोड्या वेळात पुष्कळ पाऊस देणाऱ्या अशा सरी पुढे वाढण्याचाच संभव आहे. तेव्हा हा हिशेब पुढेही उपयोगी पडणार आहे.

मोजमाप व एक सोपा प्रयोग

भारतीय हवामान खात्याच्या वेधशाळांत दररोज सकाळी साडेआठ वाजता मागील चोवीस तासांचा पाऊस मोजला जातो. ही उपकरणे देशातच प्रमाणित रीतीने बनू लागण्याचे मोठे श्रेय ॲना मणी (१९१८–२००१) यांना आहे. त्यांनी बंगळुरास सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले व १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान कार्यालयात प्रवेश केला. तेथे सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करविले. आता कर्नाटकात राज्य नैसर्गिक आपत्ती संनियंत्रण केंद्राचे स्वयंचलित पर्जन्यमापक दर पंधरा मिनिटांनी पाऊस कळवितात, कारण दिवसाच्या बेरजेतून सरीचा जोर उमगत नाही.

हा जोर कोणत्याही शाळेत मोजता येईल. सपाट तळाची व सरळ बाजूंची एक काचेची बरणी घ्यावी. भिंती व झाडे यांपासून, त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, ती मोकळ्या जागी घट्ट बसवावी. वळीव सुरू झाला की घड्याळ पाहून वेळ टिपावी, थांबल्यावर पुन्हा टिपावी. विजा पूर्ण थांबल्यानंतरच बाहेर जाऊन पाण्याची उंची मोजपट्टीने मिलिमीटरांत मोजावी. अर्ध्या तासात २० मिलिमीटर पाणी जमले असेल, तर त्या सरीचा वेग तासास ४० मिलिमीटर होय. त्यापुढे एका रकान्यात शाळेभोवती काय घडले तेही लिहावे: मैदानावरील पाणी किती वेळात मुरले, कोणता रस्ता तुंबला, कोणते झाड पडले.

एका उन्हाळ्यात अशा दहा-बारा सरींची नोंद होईल. त्या वहीत महिन्याची बेरीज तर मिळेलच. परंतु कोणत्या वेगाच्या पावसाने आपल्या गावचा ओढा वा आपल्या पेठेतील गटार भरून वाहते, हेही तिच्यातून कळेल. ती माहिती त्या गावापुरती अन्य कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.